ती पुन्हा का येईल?

माझ्याकडे केस कापायला शिकणाऱ्या मुली पहिल्या सहा-आठ महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात. ‘ताई, कट नीट बसला होता. आरशात बघून त्या हसल्या, टिपसुद्धा दिली. मग परत का नाही आल्या?’ नवं सलून काढलेल्या मालकिणीही हेच विचारतात, फक्त त्यांच्या आवाजात भाड्याची काळजी असते.

बावीस वर्षं मी हे काम करते आहे. पहिली सहा वर्षं दुसऱ्यांकडे केली, नंतर नाशकात स्वतःच्या तीन खुर्च्या टाकल्या. या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं, की खुर्चीत बसलेल्या बाईला आपली कारागिरी फारशी दिसतच नाही. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू तिने कधी नीट पाहिलेली नसते. कात्री कोणत्या कोनात धरली, सेक्शन किती बारीक घेतले, हे तिला कळायचं काही कारण नाही. तिला कळतं ते इतकंच, की मी सांगितलेलं हिने ऐकलं का, बेसिनवर मान अवघडली का, आणि चार दिवसांनी घरी न्हायल्यावर केस कसे पडले. कटची खरी परीक्षा त्या न्हाण्यानंतर होते, आणि तेव्हा आपण तिथे नसतो.

ब्लाऊज शिवणाऱ्या शिंप्याचं बघा. उशीर करतो, फोन उचलत नाही, तरी आपली आई वीस वर्षं त्याच्याकडेच जाते. त्याला तिचं माप पाठ असतं, आणि तो शिवणीत माया सोडतो. उद्या अंग भरलं तर ब्लाऊज उसवून सैल करता येतो. केसांना अशी माया नसते. कापलेला केस परत जोडता येत नाही, म्हणून ही माया आपल्याला कात्री लावण्याआधीच सोडावी लागते. ती कुठे कुठे सोडायची, ते या प्रकरणात सांगते.

१. केप घालण्याआधी

बऱ्याच सलूनमध्ये क्रम असा असतो. बाई येते, मदतनीस मुलगी तिला केप घालते, हेड वॉश देते, डोक्याला टॉवेल बांधून खुर्चीत बसवते. मग स्टायलिस्ट येते आणि विचारते, ‘काय करायचंय?’ तोवर निम्मी माहिती पाण्यात गेलेली असते. तिचे खांदे, कपडे, भांग कुठे पडतो, टोकं कुठे फुगतात, काहीच दिसत नाही.

म्हणून मी नियम केला आहे. पहिली पाच मिनिटं केस कोरडे, केप नाही, आणि मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसते. मागे उभं राहून आरशातल्या चेहऱ्याशी बोललं की माणूस मोकळा होत नाही. बहुतेक जणी तेव्हा ‘तुम्हीच बघा काय चांगलं दिसेल ते’ म्हणून मोकळ्या होतात आणि घरी जाऊन हळहळतात.

ती आली कशी, हेही बघायचं. केस क्लचरमध्ये कोंबले आहेत का? तेल आहे का? स्कूटीवरून तोंडाला स्कार्फ गुंडाळून आली का? रोज स्कार्फ बांधणारीच्या कानाजवळचे केस घासून तुटलेले असतात. तिला चेहऱ्याभोवती आखूड लेयर्स दिले तर प्रत्येक सिग्नलला त्या बटा डोळ्यांत जातील. कट कितीही देखणा असो, आठवड्याभरात ती वैतागेल आणि आपल्याला दोष देईल.

विचारायचं काय? सकाळी केसांना किती मिनिटं देता, केस रोज बांधता की मोकळे सोडता, आणि मागच्या वेळच्या कटमध्ये काय आवडलं नव्हतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. काय हवं ते पुष्कळ जणींना सांगता येत नाही, पण काय नको ते नेमकं सांगता येतं.

रंग करायचा असेल तर मेंदीचं विचारावंच लागतं, आणि इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. समजा, केसांची लांबी तीस सेंटिमीटर आहे. सव्वाच्या वेगाने धरलं तरी टोकाचा केस दोन वर्षांचा झाला. बाई म्हणतात, ‘मेंदी सोडून वर्ष झालं.’ त्या खरंच सांगत असतात. पण वर्षात वाढले पंधरा सेंटिमीटर, म्हणजे खालच्या पंधरा सेंटिमीटरांवर जुनी मेंदी अजून बसलेली आहे. हे त्यांच्याच केसांवर बोट ठेवून दाखवलं की चेहऱ्यावर जे येतं, तिथून विश्वास सुरू होतो. आपल्या डोक्याबद्दल आपल्याला नसलेली माहिती हिला आहे, आणि ती आपल्याला समजावून सांगते आहे, एवढं त्यांना पुरतं.

फोटोचंही तसंच. मोबाइलवरचा फोटो दाखवला की ‘हो, होईल’ म्हणायची घाई करू नये. ‘यातलं नक्की काय आवडलं?’ असं विचारावं. कुणाला रंग आवडलेला असतो, कुणाला नुसता कपाळावरचा भाग, कुणाला त्या मुलीचं हसू.

२. ‘दोन इंच’ म्हणजे किती?

२०१८ मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या सलूनमध्ये एका बाईंनी खालून चार इंच कापायला सांगितले. त्यांची तक्रार अशी होती, की चार इंच कापण्याऐवजी वरून चारच इंच ठेवले गेले. त्या केसांच्या जाहिरातींत काम करायच्या. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये आयोगाने दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम पुराव्याशिवाय ठरवल्याचं सांगून रद्द केली आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. रकमेचा वाद बाजूला ठेवू. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की ‘चार इंच’ हा शब्द दोघींच्या डोक्यात वेगळा असू शकतो, आणि तो एकदा चुकला की भरून यायला आठ-दहा महिने लागतात. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. महिन्याला एक किंवा सव्वा धरून तुम्हीच मोजा.

म्हणून आकडा बोलायचा नाही, दाखवायचा. केस पुढे आणून तिलाच सांगते, ‘तुम्ही बोट ठेवा.’ ती ठेवते. त्याच्याखाली मी अंगठ्याएवढी जागा सोडते आणि तिथे पहिली कात्री लावते. ही माझी माया. नंतर ती म्हणाली ‘अजून थोडे चालतील’, तर दोन मिनिटांचं काम असतं.

ओल्या केसांचा धोका तर निराळाच. खळ घालून इस्त्री केलेल्या सुती साडीची घडी पाणी लागलं की मोडते, आणि वाळताना जशी ठेवाल तशी पुन्हा बसते. केसाचं तसंच आहे. त्याचा आकार आतल्या बारीक बारीक बंधांनी धरलेला असतो. पाण्याने त्यातले काही बंध सुटतात, केस ताणला जातो, कुरळा असेल तर उलगडतो. वाळला की बंध परत जुळतात आणि केस वर चढतो. सरळ केसांत हा फरक थोडा असतो, कुरळ्यांत भरपूर.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. सलून काढलं त्याच वर्षी बारावीतली एक कुरळ्या केसांची मुलगी फ्रिंज कापून घ्यायला आली. मी केस ओले केले, विंचरून सरळ ओढले आणि भुवईच्या रेषेत कापले. ब्लोड्रायर लावला तशी फ्रिंज वर सरकायला लागली. पूर्ण वाळली तेव्हा कपाळाच्या मध्यावर होती. मुलीने आरशात पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. या मुलीबद्दल शेवटी पुन्हा सांगते.

३. ‘नाही’ कधी म्हणायचं

नव्या मुलींना वाटतं, ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक जातं. काही वेळा जातंही. पण ज्या बाया माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात, त्यांतल्या निम्म्या जणींना मी कधी ना कधी नाही म्हटलेलं आहे.

रंगाचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं पाकिटातला काळा रंग लावणाऱ्या बाई फिक्या तपकिरी रंगाचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, ‘यावरच लावा ना.’ गेरूने रंगवलेल्या भिंतीवर फिका पिवळा हात दिला तर भिंत पिवळी होत नाही, आधी गेरू खरवडावा लागतो. रंगाने रंग उडत नाही. आधीचा रंग काढायला ब्लीच लागतं, ब्लीच केसाची ताकद खातं, आणि ज्या केसांवर मेंदी, काळा रंग आणि स्मूदनिंग असे तीन थर आहेत ते एका दिवसात हे सोसतील याची खात्री मी देत नाही. ‘तीन-चार खेपा लागतील, मधे दीड-दोन महिने जातील, एवढा खर्च येईल’ असं सांगायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

दुसरं नाही पॅच टेस्टचं. बहुतेक पक्क्या रंगांत पॅराफिनिलीनडायामाइन नावाचं रसायन असतं. काळ्या मेंदीत काळेपणा आणायला बहुधा हेच घातलेलं असतं. काही जणांना त्याची जबर ॲलर्जी असते. टाळू पेटते, पापण्या सुजून डोळे मिटतात, क्वचित श्वासही अडकतो. दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही असं नसतं, ॲलर्जी मधेच सुरू होऊ शकते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास वाट बघायची.

एकदा एक नवरी मुलगी आली, दुसऱ्या दिवशी हळद. कधी रंग लावलेला नाही, मात्र लहानपणी काळ्या मेंदीने हातावर फोड आले होते, असं बोलता बोलता म्हणाली. मी रंग लावला नाही. ब्लोड्राय करते, केसांत फुलं छान माळून देते, पण रंग नाही. ती रागावून निघून गेली. पुढे काय झालं मला कळलं नाही. त्या वेळी सोफ्यावर वाट बघत बसलेल्या एक शिक्षिका मात्र तेव्हापासून माझ्याकडेच येतात. त्यांनी मला एवढंच सांगितलं, ‘तुम्ही तिला थांबवलंत, म्हणजे मलाही थांबवाल.’

आणि आपल्या धंद्यात नाही म्हणणं नवीन नाही. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं त्यांनी ठरवलं. रोजची मजुरी हाताने बाजूला सारणारी माणसं होती ती. डोकं जिचं आहे तिच्या भल्याचा विचार वस्तरा धरणाऱ्याने करायचा असतो, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं. कात्री हातात घेताना मला त्यांचा आधार वाटतो. मुलींना मी हा इतिहास पहिल्याच आठवड्यात सांगते.

४. हात, वास आणि मान

‘प्रोफेशनल दिसायचं म्हणजे काय घालायचं?’ असं फार विचारतात. धुतलेला एप्रन, बंद चपला, कापलेली नखं, नीट बांधलेले स्वतःचे केस. याउपर माझं काही म्हणणं नाही. महागडा ब्लॅक शर्ट घातला आणि कंगव्यात आधीच्या बाईचे केस अडकलेले दिसले, तर शर्ट वाया गेला.

आपण तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर तासभर उभ्या असतो. दुपारच्या डब्यातल्या कांद्याचा, घामाचा, हातावरच्या जुन्या रंगाचा वास तिला येतो आणि ती संकोचाने बोलत नाही. जेवणानंतर चूळ, दर कामाआधी साबणाने हात, आणि टॉवेल कपाटातून तिच्यासमोर काढायचा. मानेवरची लव काढायला वस्तरा वापरत असाल तर पातंही तिच्यासमोर नवीन लावायचं. हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर तग धरू शकतो, हे ऐकल्यावर माझ्याकडच्या एकाही मुलीने पातं वाचवलेलं नाही.

आता मान. या विषयावर मी नेहमी जरा जास्त बोलते. हेड वॉशला बेसिनच्या कडेवर मान मागे ताणून दहा-पंधरा मिनिटं ठेवली, तर मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर ताण येतो. १९९३ मध्ये मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकी डॉक्टरांनी बेसिनवर केस धुतल्यानंतर मेंदूचा झटका किंवा तशी गंभीर लक्षणं आलेल्या पाच बायकांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून डॉक्टरमंडळी याला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ म्हणतात. असं क्वचितच घडतं. पण काळजी घ्यायला लागतं काय? दुमडलेला एक टॉवेल मानेखाली, आणि ‘मान बरी आहे का?’ हा प्रश्न एकदा बसवल्यावर आणि एकदा मधे. चक्कर येते असं म्हणाली तर लगेच उठवायचं. वयस्कर बायकांचे केस मी पुढे वाकवून धुते किंवा स्प्रेने ओले करते. आणि चंपीनंतर मान कडकन मोडायची पद्धत माझ्या सलूनमध्ये बंद आहे, कितीही आग्रह झाला तरी.

आपली मान कुणाच्या तरी हातात देऊन डोळे मिटायचे, एवढा भरवसा ती पहिल्याच दिवशी टाकते. तो टॉवेल तिच्या लक्षात राहतो.

५. काय बोलायचं, काय नाही

हाक मारण्यापासून सुरुवात. पस्तिशीच्या बाईला ‘काकू’ म्हटलं की संपलं. आमच्याकडे साधारण सगळ्यांना ‘ताई’, ऑफिसमधून आलेल्यांना ‘मॅडम’, आणि ज्या स्वतःहून ‘मला काकू म्हण गं’ म्हणतील त्यांनाच काकू.

गप्पा मारायच्या का? पहिल्या दोन प्रश्नांना एका शब्दात उत्तर आलं, तर तिला शांतता हवी आहे. घरात, ऑफिसात, बसमध्ये न मिळालेला अर्धा तास ती पैसे देऊन घेते आहे. तो तिला द्यावा. मोकळेपणाने बोलणारी असेल तर ऐकावं, पण आधीच्या खुर्चीतलं पुढच्या खुर्चीत न्यायचं नाही. तुम्ही तिला दुसरीची सून सांगितलीत, की आपलीही सून उद्या सांगितली जाणार, हे तिला तिथेच कळतं.

एक सवय मात्र मला मनापासून खटकते. केसांत हात घालायचा आणि ‘अरे बापरे, किती खराब झालेत! कुठे कापले होते? स्पा करावाच लागेल’ असं म्हणायचं. घाबरवून विकलेला स्पा एकदाच विकला जातो. ती बाई आधीच लाजत आलेली असते. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, बहुतेकींचे वर्षभरात परत येतात. हे साधं वाक्य ऐकायला मिळालं म्हणून माझ्याकडे एक तरुण आई भरल्या डोळ्यांनी बसून राहिली होती. डोक्यात मागे चाई पडलेली असेल तर ती आपल्यालाच आधी दिसते. तेव्हा सगळ्यांदेखत ओरडायचं नाही. वाकून, तिलाच ऐकू येईल असं सांगायचं, ‘मागे रुपयाएवढी जागा मोकळी दिसतेय, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.’ त्यावर तेल-सीरम विकायचं नाही. ते आपलं काम नव्हे.

पैसेही आधी सांगायचे. ‘केस लांब आहेत म्हणून जास्त पडतील’ हे काउंटरवर कळलं तर तासाभराची मेहनत त्या एका मिनिटात जाते.

६. वही

माझ्याकडची सगळ्यात किमती वस्तू कात्री नाही, वही आहे. आता मुली मोबाइलवर लिहितात, तेही चालेल. त्यातली एक नोंद दाखवते:

‘१४ जून. पाठीच्या मध्यापर्यंत, लाटदार, दाट. पांढरे पुढच्या भांगात जास्त. मुळांना ४.०, २० व्हॉल्यूम, ३५ मिनिटं. टोकांना लावला नाही, जुनी मेंदी. डाव्या कानामागे भोवरा, तिथे आखूड कापू नये. बेसिनवर मान दुखते, दोन टॉवेल. चहा बिनसाखरेचा. मुलगा दहावीला.’

४.० हा रंगाच्या छटेचा नंबर. पहिला आकडा गडदपणा सांगतो, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे सगळ्यात फिका. २० व्हॉल्यूम हे रंगात मिसळायच्या डेव्हलपरचं बळ, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. पुढच्या महिन्यात कुठल्याही मुलीने हे वाचलं, तर तोच रंग तसाच येईल. शेवटच्या दोन गोष्टींचा केसांशी संबंध नाही, पण परीक्षेनंतरच्या खेपेला ‘गणिताचा पेपर कसा गेला?’ असं विचारलं की त्या बाई खुर्चीत जरा सैल बसतात. ही आठवण खरी असायला हवी. निकाल लागून गेल्यावर पेपरचं विचारलं तर वाचून बोलल्याचं कळतं, म्हणून तारखा लिहायच्या.

श्रावणाआधीच्या आठवड्यात आणि लग्नसराईत वही लिहायला वेळ होत नाही, आणि नेमक्या तेव्हाच नवी माणसं जास्त येतात. रात्री शटर ओढण्याआधी पंधरा मिनिटं त्यासाठी ठेवायची.

७. चूक झाल्यावर

त्या बारावीतल्या मुलीकडे परत जाते. माझ्या ओठांवर आलं होतं, ‘कुरळ्या केसांना असंच होतं, छान दिसतंय.’ मी ते गिळलं. तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, ‘माझं चुकलं. तुझे केस कोरडे असताना कापायला हवे होते.’ मग बोटाने अंतर मोजून दाखवलं. कपाळाच्या मध्यापासून भुवईपर्यंत तीन सेंटिमीटर, म्हणजे अडीच ते तीन महिने. तोवर ती फ्रिंज एका बाजूला वळवून दोन काळ्या पिनांनी कशी बसवायची ते शिकवलं, तिच्याच हातांनी तीनदा करून घेतलं. पैसे घेतले नाहीत. दर चार आठवड्यांनी बाजूचे केस सारखे करायला बोलावलं, त्याचेही घेतले नाहीत. तिची आई दुसऱ्या दिवशी येऊन चांगलीच बोलून गेली, आणि ते ऐकून घेणंही माझंच काम होतं.

ती पहिल्या चार आठवड्यांनी आली. नंतरही येत राहिली, नोकरीला पुण्याला गेली तरी सणावाराला घरी आली की येते. तिच्या पानावर पहिल्या दिवशी मी लाल शाईने लिहिलं होतं: ‘पुढचे केस फक्त कोरडे कापायचे.’ मागच्या गुढीपाडव्याला ती आली तेव्हा मी गावी होते. सलूनमध्ये महिनाभरापूर्वी लागलेली मुलगी होती. तिने वही काढली, पान वाचलं, आणि हातातली पाण्याची स्प्रे बाटली ट्रॉलीवर परत ठेवली.